एकटं चाललेलं मशीन

गारखेड्यात आमच्या सोसायटीच्या बागेत गवत कापायचं मशीन सुरू झालं, की मी चहाचा कप घेऊन गॅलरीतून आत येतो. बायको म्हणते, "एवढे खून बघितलेत, आणि या घरघरीला घाबरता होय?" घाबरतो. ती केस डोक्यातून गेलेली नाही आणि आता जाणारही नाही.

माझं शेवटचं पोस्टिंग शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीतल्या पोलीस ठाण्यात होतं. दसरा नुकताच झाला होता. भर दुपारी एका कारखान्यातून फोन आला, बागेत माळी मेलाय. मी पोचलो तेव्हा उतारावरची हिरवळ उन्हात चमकत होती आणि मधोमध तो वयस्कर माळी पडलेला. घोट्याच्या वर खोल जखम, रक्त गवतात मुरून काळं पडलेलं. मशीन त्याच्यापासून दोन हातांवर उभं होतं, तोंड त्याच्याकडं करून.

पंचनामा चालू असतानाच माझ्या हवालदारानं संशयित धरून आणला. मयताचा कामावरचा जोडीदार, खुलताबादकडचा. घटनेच्या वेळी तो कडेचं मेंदीचं कुंपण छाटत होता. शर्ट रक्तानं भरलेला, हातातल्या झाडकात्रीलाही रक्त. सकाळीच दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं, असं सगळे सांगत होते. ठाण्यात आणला, पाणी पाजलं आणि समोर बसवला.

"काय झालं?"

"माझ्याच हातानं गेला साहेब."

"म्हणजे तू मारलंस?"

"व्हय. तसंच म्हणा."

हवालदार खूश. खुनाची केस चहा गार व्हायच्या आत सुटली होती. पण केस इतकी सरळ सुटली की माझं डोकं दुखायला लागतं. मारणारा माणूस आधी दुसऱ्याचं नाव घेतो, मग दारूचं, मग नशिबाचं. स्वतःचं नाव तो सगळ्यात शेवटी घेतो, तेही नाइलाजानं.

संध्याकाळी ठाण्याच्या फोनवर एक बाई बोलल्या. कारखान्याच्या कँटीनमध्ये पोळ्या करतात, एवढंच सांगितलं.

"साहेब, त्यानं काय नाय केलं. मशीन एकटंच चालत व्हतं. म्या खिडकीतून बघितलं. माणूस खाली पडलेला, मूठ धरायला कुणी नाय, आन् ते आपलं चाललंय. वर गेलं, मेंदीला धडकलं, वळलं आन् परत त्याच्याकडंच आलं. मंग म्या दाराकडं पळाले, तवर आवाज गपकन बंद झाला."

"बाई, मशीन असं एकटं चालत नसतं."

"म्हणून तर नाव सांगत नाय!" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी मेकॅनिक बोलावला आणि पंचांसमोर मशीन सुरू करायला लावलं. त्या मशीनच्या मुठीला एक आडवी दांडी असते. ती हातानं दाबून धरली तरच इंजिन चालतं आणि चाकं आपोआप पुढं जातात. मेकॅनिकनं हात काढला की मशीन बंद. पुन्हा केलं, पुन्हा बंद. "माणूस पडला की हे थांबलंच पाहिजे, अशीच बनावट आहे साहेब," तो म्हणाला. मग पडलेल्या माणसाकडं ते चालत आलं कसं? खोटं कशाला सांगू, लख्ख उजेडात माझ्या अंगावर काटा आला.

मी उकिडवा बसून ती दांडी निरखत राहिलो. मुठीवर वाळलेलं हळदकुंकू होतं आणि त्यात बारीक आडवे पट्टे कोरे राहिलेले. तिथं काहीतरी गुंडाळलेलं होतं आणि वरून कुंकू लावलं होतं. खंडेनवमी! त्या दिवशी कारखान्यात अवजारांची पूजा करून नाडा बांधतात. आम्हीही ठाण्यात शस्त्रांची पूजा करतो, म्हणून चटकन लक्षात आलं. अंगझडतीत त्या जोडीदाराच्या रुमालात लाल-पिवळ्या नाड्याचे तुकडे निघाले होते. हवालदारानं गंडादोरा समजून ते बाजूला ठेवले होते.

मी ते तुकडे त्याच्यापुढं ठेवले. तो ढसाढसा रडायला लागला.

"त्याचा हात लई भरून यायचा साहेब. आधी दांडी तारेनं बांधायचा. सेफ्टीवाले साहेब येऊन तार कापायचे. मंग खंडेनवमीला पूजेचा नाडाच आवळून बांधला. हसत म्हणला, आता कापून दावा म्हणावं! सकाळी भांडलो ते त्याच्यावरूनच. गवत ओलं हाय, उताराला तरी सोड म्हणलं. नाय ऐकलं. वरडला तवा पळत आलो, तर पाय कापलेला, आन् मशीन परत त्याच्या अंगावर यायलं. मधी आडवा झालो, हातातल्या कात्रीनं नाडा कापला. मशीन थांबलं. वळून कात्रीसकट त्याला कवळला, तर त्याची मान पडलेली. पूजेचा नाडा कापला साहेब, आन् त्याच घडीला तो गेला. मंग म्याच मारला की!"

शवविच्छेदनात पायाची मोठी रक्तवाहिनी पात्यानं तुटल्याचं आलं. कात्रीची एकही जखम नव्हती. त्याला सोडलं आणि कारखान्यावर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल केला. मॅनेजर म्हणाला, "श्रद्धेचा प्रश्न होता हो, कोण हात लावणार?" तार कापताना यांना नियम आठवत होता, नाडा दिसला की हात जोडून मोकळे! मी त्याला चांगलाच झाडला. माणूस गुन्हा कबूल करतोय की आपलं दुःख सांगतोय, हे आधी बघावं, एवढं या केसनं मला शिकवलं. नाहीतर एका भल्या माणसाला मी खुनी ठरवून बसलो असतो.

जबाबासाठी पुन्हा गेलो तेव्हा शेडमध्ये अजून तीन मशीनं होती. तिन्हींच्या दांड्या नाड्यानं बांधलेल्या. "कापा," मी म्हणालो. मॅनेजरनं सेफ्टीवाल्याकडं बघितलं, सेफ्टीवाल्यानं माळ्यांकडं. माझा हवालदार छपराकडं बघत उभा राहिला.

मयताची बायको त्याचा डबा आणि कपडे न्यायला आली होती. तिनं विचारलं म्हणून सगळं सांगितलं. ती पुढं आली आणि कात्री मागून घेतली.

"देव कोपला तर माझ्यावर कोपू द्या. माझ्याकडनं न्यायला आता काय ऱ्हायलंय?" असं म्हणून तिनं दोन नाडे कापले. मग दाराशी मान खाली घालून उभ्या असलेल्या जोडीदाराच्या हातात कात्री दिली.

"ह्यो तू काप, भाऊ."

"नको वैनी. माझ्या हातानं नको."

"काप म्हणते ना."

त्यानं डोळे गच्च मिटून तिसरा नाडा कापला. कितीतरी वेळ डोळे उघडायची त्याची हिंमत होईना. उघडले तेव्हा त्यानं घाबरत घाबरत आमच्या एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. आम्ही सगळे जिवंत होतो.