दाजींच्या गाडीचं ऑइल

अक्काच्या लग्नाला सहा वर्षं झाली तेव्हा दाजींनी ती गाडी घेतली, आणि माझे रविवार तिच्या बॉनेटखाली जायला लागले.

जळगावहून नशिराबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं गॅरेज आहे. काळ्या-पिवळ्या जीपा, पिकअप, भाजी वाहणारे टेम्पो, असल्या कष्टाच्या गाड्यांवर माझा हात बसलेला. अक्का धुळ्याला दिली आहे. दाजींची तिथे शेतीपंपांची एजन्सी. माणूस हुशार, बोलका, पण हातात स्टिअरिंग आलं की वेगळाच होणारा. ती गाडी त्यांनी पुण्याहून आणली होती. सेकंडहँड, टर्बोवाली, बुटकी आणि रुंद, राखाडी रंगाची. ॲक्सिलरेटरवर नुसता पाय टेकवला तरी पाठ सीटला चिकटायची.

पहिल्यांदा गॅरेजवर आले तेव्हा धुळ्याहून तासाभरात आले होते. गाडी अंगणात उभी केली आणि त्याच क्षणी बंद केली. बॉनेटखालून तडतड आवाज येत होता, तव्यावर पाण्याचे थेंब पडल्यासारखा.

"दाजी, अशी एकदम बंद नका करू," मी म्हणालो. "शेवटचे चार-पाच किलोमीटर हळू चालवा, नाहीतर मिनिट-दोन मिनिटं नुसती चालू ठेवा. टर्बो लाल होतो, त्यातलं ऑइल जागच्या जागी जळतं."

ते हसले. "अरे, म्हणून तर शालक गॅरेजवाला केला!"

बॉनेट उघडून मी ऑइलची पट्टी ओढली. ही लोखंडी पट्टी इंजिनात बुडालेली असते. तिच्यावर दोन खुणा असतात आणि ऑइल त्या दोन खुणांच्या मध्ये असावं लागतं. खालच्या खुणेलाही ऑइल लागलेलं नव्हतं. जे काही टोकाला होतं ते काळं, पातळ आणि पेट्रोलचा वास मारणारं.

मी त्यांना सगळं सांगितलं. जोरात पळवलेली गाडी ऑइल खाते, म्हणून दर आठवड्याला पट्टी बघायची. पातळी वरच्या खुणेजवळ ठेवायची, पण तिच्या वर जाऊ द्यायची नाही, नाहीतर ऑइलला फेस येतो. पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच सिंथेटिक टाकायचं. कंपनी सांगते त्याच्या निम्म्या किलोमीटरला बदलायचं, फिल्टरसकट. आणि सकाळी गाडी सुरू केल्यावर काटा मध्यावर आला म्हणून लगेच दामटायची नाही. काटा पाण्याची गरमी दाखवतो, ऑइल त्याच्या बरंच नंतर गरम होतं.

"हे सगळं तुझं काम," दाजी म्हणाले. "मी चालवणार, तू सांभाळणार."

तिथून ते सुरू झालं. दर रविवारी सकाळी मी ऑइलचा डबा पिशवीत घालून धुळ्याची एसटी पकडायचो. त्यांच्या पोर्चमध्ये उकिडवा बसायचो, पट्टी बघायचो, ऑइल भरायचो, जेवायचो आणि परत. कधी रविवार चुकला तर सोमवारी फोन: "काय शालकसाहेब, मोठे झालात?" गाडीला काही झालं तर दोष कुणावर येणार हे ठरलेलंच होतं. एकदा पाहुण्यांपुढे ते म्हणाले, "इंजिन ऑइल पितंय. बायकोच्या भावाच्या हातात देऊन बसलोय ना." सगळे हसले. अक्का पाण्याचे ग्लास घेऊन आली होती, ती तशीच आत वळली.

मी एकदाच नाही म्हणालो. त्यांना गाडीचं कॉम्प्युटर बदलून आणखी ताकद काढायची होती. मी म्हणालो, आधी ऑइल सांभाळा, मग ताकद मागा. फोन ठेवताना थोडा आवाज चढला माझा. त्या वर्षी त्यांनी अक्काला आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी पाठवलं नाही. अमळनेरजवळच्या आमच्या गावात आखाजीला सगळ्या लेकी येतात, निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. आईने तीन दिवस सांजोऱ्या झाकून ठेवल्या. वडील नुसते एकदा माझ्या काळ्या पडलेल्या नखांकडे बघत बसले. पुढच्या रविवारी मी डबा घेऊन धुळ्याच्या एसटीत होतो.

त्या दिवशी दाजी आंघोळीला गेले असताना अक्का पोर्चमध्ये आली. एकटे असलो की ती माझ्याशी गावचं मिसळूनच बोलते.

"माले शिकाड," ती म्हणाली.

"काय?"

"हाई पट्टी. तू दर रविवारले काय येस? माले शिकाड."

मी तिला दाखवलं. गाडी सपाट जागेवर असली पाहिजे. सकाळी गार असताना बघायचं, म्हणजे सगळं ऑइल खाली उतरलेलं असतं. पट्टी ओढ, पूस, पुन्हा पूर्ण आत घाल, पुन्हा ओढ, मग वाच. पहिल्यांदा दिसतं ते खोटं असतं. तिने जुन्या सुती साडीचा तुकडा आणला आणि दोनदा करून दाखवलं. ऑइल भरायचं झाकण उघडायला तिला जोर लागला, तेवढंच.

दाजींना सांगायचं नाही हे आम्ही बोललोही नाही.

ऑइलचा डबा तिने धान्याच्या खोलीत गव्हाच्या कोठीमागे ठेवला. रोज सकाळी दाजी उठायच्या आधी ती पट्टी बघायची आणि फोनवर मला फोटो पाठवायची. खाली दोनच शब्द असायचे: "बरं शे." किंवा: "कमी शे." मग मी लिहायचो किती घालायचं ते. त्या फोटोशिवाय मला चहा गोड लागेना. दुसऱ्याच्या घरातल्या गाडीचं ऑइल खाली गेलं की माझ्या हातातला पाना खाली ठेवला जायचा. गॅरेजात जीपेखाली पडलेलो असलो तरी डोक्यात तीच गाडी, सोनगीरच्या सरळ रस्त्यावर मित्रांना वेग दाखवत सुटलेली. ऑइल बदलायला मी महिन्या-दोन महिन्यांनी जायचो तेव्हा नवा डबा तिच्याकडे देऊन यायचो, आणि गाडी कुरकुरत नव्हती म्हणून दाजींनीही माझे रविवार मोजणं सोडलं. रविवार मोकळे झाले होते, पण सुटल्यासारखं वाटत नव्हतं.

वर्षभर ते असंच चाललं. मग मे महिन्यात दाजींच्या नात्यातलं लग्न जळगावला निघालं. त्याच आठवड्यात अक्काकडचा डबा संपला. शेवटच्या फोटोत ऑइल पट्टीच्या अगदी टोकाला होतं. मी लिहिलं, "हळू चालवली तर चालेल. जळगावला आल्यावर आधी गॅरेजवर आणा."

लग्न लागल्यावर भर दुपारी ते गॅरेजवर आले. मी डबा काढूनच ठेवला होता.

"बॉनेट उघडा, पाच मिनिटांचं काम आहे," मी म्हणालो.

"धुळ्यात टाक," दाजी म्हणाले. "चारला कंपनीचा माणूस येणार आहे. तू बस. कुठून तरी खडखड येतेय, रस्त्यात ऐक आणि सांग."

"दाजी, आधी ऑइल…"

"बस म्हटलं ना."

मागच्या सीटवर अक्का होती, लग्नाच्या साडीत. ती माझ्याकडे बघत होती. आत बसलो तर त्यांना हळू तरी चालवायला लावता येईल, असं मला वाटलं. डबा पायांत धरून मी पुढे बसलो. दार लावलं, गाडी हलली आणि चारही दारं खट्‌कन आपोआप लॉक झाली.

एरंडोलपर्यंत मी विनवत होतो. पुढे गप्प बसलो, कारण मी बोललो की पाय आणखी दाबला जायचा. बाहेर ऊन पांढरं पडलेलं, दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली रानं. पारोळा ओलांडल्यावर उड्डाणपुलाच्या लांब वळणावर गाडी एका अंगाला झुकली आणि डॅशबोर्डवर ऑइलच्या चंबूचं चित्र असलेला लाल दिवा लागला. वळण संपलं, दिवा विझला.

"थांबा," मी म्हणालो. "दाजी, आत्ता थांबा. तो दिवा ऑइल कमी झाल्यावर लागत नाही, ऑइल पोचेनासं झाल्यावर लागतो. खाली थोडंसंच उरलंय. वळणावर ते एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो."

"सेन्सर खराब आहे. विझला बघ."

"पुढच्या वळणावर पुन्हा लागेल."

"मग लागू दे."

माझा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. दार उघडता येत नव्हतं, स्टिअरिंगला हात घालता येत नव्हता. तिशी गाठलेला मेकॅनिक मी, कडेवरच्या पोरासारखा बसलो होतो.

तेवढ्यात मागून अक्का बोलली, स्वच्छ शहरी मराठीत, नवऱ्याशी बोलते तशी.

"त्यात ऑइल नाही. चार दिवसांपासून मी टाकलेलं नाही."

दाजींनी आरशात बघितलं. "तू?"

"वर्षभर रोज सकाळी मीच बघते. कमी असलं की मीच टाकते. डबा संपला होता."

दाजींचा कान लाल झाला. मला वाटलं आता थांबतील. पण त्यांनी दात आवळले आणि वेग वाढला. बायको वर्षभर आपल्या मागे आपली गाडी सांभाळत होती, हे त्यांना ऑइल संपण्यापेक्षा जास्त लागलं असावं. मी डोळे मिटले. आता हे असंच चालणार, आम्ही तिघं या पेटीत बंद, जोपर्यंत काही फुटत नाही तोपर्यंत.

पुढचं वळण आलं. दिवा लागला आणि या वेळी विझला नाही. इंजिनाच्या पोटातून टक्‌-टक्‌-टक्‌ असा कोरडा आवाज सुरू झाला.

"ऐकू येतंय?" अक्का म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "रोज दुकानात दहा जणांना सांगता. विहिरीला पाणी नसेल तर मोटर चालवू नका, कोरडी चालली की जळते. म्हातारी माणसं हात जोडतात तरी त्यांना रागावता. मग हे काय चाललंय?"

मला वाटतं, त्यांनी तो आवाज तेव्हाच ओळखला. वीस वर्षं पंपांत गेलेला माणूस. पाय उचलला गेला. गाडी कडेला एका निंबाखाली घरंगळत येऊन थांबली, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने इंजिन बंद केलं.

मी थोडा वेळ जाऊ दिला आणि पट्टी ओढली. कोरडी. पुसायचीही गरज नव्हती. डबा ओतला, पातळी वर आली.

"चला, सुरू कर आता," दाजी म्हणाले.

"नाही."

"ऑइल टाकलंस ना?"

"आवाज आला म्हणजे बेअरिंग घासलं. आता सुरू केली तर रॉड इंजिन फोडून बाहेर येईल. मी सुरू करणार नाही आणि तुम्हालाही करू देणार नाही."

त्यांनी घड्याळ बघितलं. मग फोन काढून कुणा मित्राला बोलावलं. अर्ध्या तासाने मित्र आला आणि दाजी त्याच्या गाडीत बसले. "तू आणि तुझी बहीण, दोघं मिळून सांभाळा," एवढंच म्हणाले. चावी त्यांच्याच खिशात गेली, घाईत की मुद्दाम, कोण जाणे.

टोइंगवाला जळगावहून यायला तीन तास लागले. तोवर आम्ही निंबाच्या सावलीबरोबर सरकत बसलो. अक्काने लग्नातला लाडू पर्समधून काढून अर्धा मला दिला.

"आता घरी काय होईल?" मी विचारलं.

"काय होईल? बोलतील. मग नाही बोलणार. मग बोलतील." तिने पदराने घाम पुसला. "खरं सांगू भाऊ? मी तुझ्यासाठी शिकली, तुझ्यावर आळ नको म्हणून. पण मग माले आवडाले लागनं. त्या आख्खा घरमा एकच गोष्ट व्हती, जी मना हातमा व्हती."

वर्षभर मला वाटत होतं, अडकलेला मी आहे. मी निदान संध्याकाळी एसटीने परत येत होतो.

इंजिन मी माझ्याच गॅरेजात खोललं. दोन बेअरिंगांची पानं, म्हणजे आतली पातळ पत्र्याची अर्धवर्तुळं, तांब्यापर्यंत घासली होती. क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, वाचला, त्याचं पॉलिशवर भागलं. आणखी दोन वळणं झाली असती तर भंगार. चेंबर, म्हणजे ऑइलचं खालचं भांडं, उतरवलं तेव्हा तळाशी चमचाभर काळा गाळ होता. ते मी तीनदा धुतलं. सगळं जोडलं, अक्काने पाठवलेल्या चावीने गाडी सुरू केली आणि कान लावून बराच वेळ नुसता ऐकत उभा राहिलो.

गाडी न्यायला दोघं आले. घासलेली पानं मी दाजींच्या हातावर ठेवली. त्यांनी अंगठा फिरवून बघितला, धंद्यातला माणूस बघतो तसा.

"मी आता रविवारी येणार नाही, दाजी," मी म्हणालो. "ही गाडी तुम्ही स्वतः बघायची, नाहीतर विकायची."

ते लगेच चिडले नाहीत. पानं टेबलावर ठेवली आणि अक्काकडे न बघताच विचारलं, "ते ऑइल कधी बघायचं म्हणालीस?"

"सकाळी," अक्का म्हणाली. "गार असताना."

दोघं गाडीत बसले. निघताना इंजिन जरा गुरगुरलं तशी अक्काने त्यांच्या मनगटाला हात लावला आणि काहीतरी म्हणाली, ते मला ऐकू आलं नाही. गाडी हळूच रस्त्यावर गेली. दाजी बदलले असं मी म्हणणार नाही, कारण पुढे रेल्वेच्या पुलापाशी त्यांनी ट्रकला जोरातच ओलांडलं. मी हात पुसले आणि जीपेखाली शिरलो.