साहेब दिसेनात

लातूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये मी फिजिक्स शिकवतो, आणि सर्किटमधला बिघाड कसा शोधावा हा माझा हातखंडा विषय आहे. अहमदपूर, जळकोट, पार कुठून कुठून आलेल्या मुलांसमोर मी फळ्यावर बॅटरी काढतो, बल्ब काढतो आणि बजावतो, "आधी सोपं तपासा. मग अवघडात शिरा." मुलं हे वाक्य वहीत लाल शाईनं लिहून घेतात. मी स्वतः ते कुठंच लिहून ठेवलेलं नाही, आणि इथूनच सगळी भानगड सुरू झाली.

माझे सासरे, म्हणजे मामा, नांदेडला एकटे राहायचे. एकटे म्हणजे अगदी एकटे नाही, सोबत एक मासा होता. फ्लॉवरहॉर्न जातीचा, कपाळावर भलंमोठं टेंगूळ असलेला आणि कायम नाराज दिसणारा. मामांनी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात कारकुनी करण्यात घालवली. त्यांच्या मते तो मासा हुबेहूब त्यांच्या कार्यकारी अभियंत्यासारखा दिसतो, म्हणून त्याचं नाव 'साहेब'. सासूबाई गेल्यापासून मामा सकाळ-संध्याकाळ काचेसमोर खुर्ची टाकून साहेबांशी बोलत बसायचे. आम्ही त्यावरून हसायचो खरं, पण त्या घरात बोलायला दुसरं उरलंच कोण होतं?

मग मामांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, पुण्यात, मुलाकडे. दोन महिने तिथंच मुक्काम. मामा म्हणाले, "साहेबांची सोय झाल्याबिगर मी टेबलावर झोपणार न्हाई." मेव्हण्यानं सोय केली. टाकीला एक काळा डबा बसवला. पाणी किती गरम ठेवायचं, दिवा कधी लावायचा, खाणं कधी टाकायचं, सगळं तो डबा बघणार. वर एक कॅमेरा. डबा घरच्या इंटरनेटला जोडला की मामांना पुण्यात पडल्या पडल्या मोबाइलवर साहेब दिसणार. टाकी ठेवायची मात्र आमच्याकडे, लातूरला. कारण मामांच्या शब्दांत, "जावईबापू फिजिक्सवाले हायत."

टाकी टेम्पोतून आली आणि साहेब झाकणाच्या बादलीतून, माझ्या बायकोच्या, सुरेखाच्या मांडीवर बसून. माझ्या आईनं दारातच सांगितलं, "उंचावर ठेवायची न्हाई." भूकंपाच्या वेळी फळीवरचा पितळी हंडा आईच्या उशीशेजारी येऊन पडला होता. तेव्हापासून आमच्या घरात गुडघ्याच्या वर काहीही ठेवायला बंदी आहे. टीव्ही बुटक्या स्टुलावर, देव पाटावर, राउटर चपलांच्या रॅकवर (वर आईनं विणलेला क्रोशाचा रुमाल), आणि त्याचा विजेचा बोर्ड थेट फरशीवर. त्यामुळे टाकीही फूटभर उंचीच्या बाकावर बसली आणि डबा तिच्या मागे. त्याला हात लावायचा तर मला साष्टांग नमस्कार घालावा लागायचा.

मुलगी मृण्मयी अकरावीत गेली तेव्हा मी घरात एक नियम केला होता, 'पप्पा घरी आले की इंटरनेट बंद.' मामांसाठी तो मी जाहीरपणे मागे घेतला. "आता बारावी असो नाहीतर काही असो, इंटरनेट दिवसभर चालू राहील," असं मी कमरेवर हात ठेवून सांगितलं, कारण मात्र सांगत बसलो नाही.

पहिल्या दुपारी मामांचा फोन क्लासमध्ये आला. आवाजात नुसता आनंद. "दिसून राहिले, जावईबापू! पार शेपटीपातुर दिसून राहिले." मी संध्याकाळी घरी आलो, चहा घेतला, तेवढ्यात पुन्हा फोन. "साहेब दिसंना गेलेत."

मी लोटांगण घातलं. डबा चालू, दिवा चालू, साहेब नाराज, म्हणजे सगळं ठीक. मोबाइलवर मात्र 'कनेक्शन नाही'. मी डबा बंद करून चालू केला, वायरी घट्ट केल्या, थोडी फुंकर मारली. काही नाही. सकाळी क्लासला निघालो आणि चौकात पोचतो न पोचतो तोच मामा म्हणाले, "आले, आले!" मी म्हणालो, "येणारच. काल वायर घट्ट केली होती मी." (शास्त्रज्ञानं श्रेय वेळच्या वेळी घ्यावं.)

संध्याकाळी साहेब पुन्हा गायब.

मग मी हट्टाला पेटलो. एक दिवस वायर बदलली. एक दिवस मोबाइलवरच्या अ‍ॅपचा पासवर्ड बदलला. नंतर मला वाटलं, पाणी सिग्नल अडवतंय, म्हणून पोळ्या गुंडाळायच्या चांदीच्या कागदाची मोठी छत्री करून कॅमेऱ्यामागे लावली. ती बघून साहेब तासभर दगडामागे जाऊन बसले. शेवटी टाकीच राउटरजवळ सरकवायची ठरली, त्यासाठी निम्मं पाणी काढलं. आमच्याकडे नळाला पाणी येतं आठ दिवसांनी. आई मोरीच्या दारात उभी राहिली. "लेका, माणसं घोटाघोटानं पिऊन राहिली अन् तू पाणी सांडून राहिलास?" ते पाणी शेवटी तिनं तुळशीला, कुंड्यांना आणि अंगणाला वाटून घातलं. टाकी राउटरपासून दोन हातांवर आली. संध्याकाळी मी घरी आलो. साहेब गायब.

गंमत अशी की मी नसताना सगळं सुरळीत चालायचं. एका सकाळी मत्स्यालयाचं दुकान चालवणारे खाजाभाई येऊन तपासून गेले. त्यांनी फोनवर सांगितलं, "सर, एकदम बराबर चालू हाय. खाली-पिली परेशान होऊन राहिले तुम्ही." त्याच रात्री मामा चाचरत म्हणाले, "जावईबापू, राग नका मानू. पण मी ध्यान ठेवून बघितलं. तुम्ही घरात आलात की साहेब जातात. तुम्ही भाईर पडलात की येतात." आईनं हे ऐकलं आणि मीठ-मिरच्या घेऊन आली. मला वाटलं माझी दृष्ट काढणार. तिनं डब्याची काढली.

रविवारी मी फक्त दूध आणायला बाहेर पडून आलो आणि मग दिवसभर घरी, म्हणून दिवसभर साहेब गायब. दुपारी मामांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "बरे हायत ना ते? माझ्यापासून काही लपवत न्हाईत ना तुम्ही?" मला फार वाईट वाटलं. त्या तिरीमिरीत मी डबा उघडला, झाडून सगळ्या वायरी काढल्या, पॉलिश पेपरनं घासल्या आणि परत खोचल्या. फक्त पाण्याचं तापमान मोजणारी कांडी टाकीत सोडायची राहिली. ती थंडीतल्या गार फरशीवर पडून राहिली. डब्याला वाटलं साहेब गारठले, त्यानं हीटर सोडला आणि सोडलेलाच ठेवला.

तासाभरानं सुरेखा ओरडली, "अहो, साहेब तोंड वर काढून राहिलेत." मी पाण्यात बोट घातलं. आंघोळीला काढावं तसं पाणी. माझ्या डोळ्यांपुढे मामांची ती खुर्ची आली. हीटर उपटला. मृण्मयीनं प्यायच्या थंड पाण्याचा जार ओढत आणला आणि आम्ही तांब्या-तांब्यानं ते पाणी टाकीत सोडत बसलो. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच मी त्या माशाला मनापासून 'साहेब' म्हणालो. हळूहळू त्यांचा श्वास सावरला, त्यांनी आमच्याकडे पाठ केली, आणि सुरेखा पदराला डोळे पुसत म्हणाली, "आता खाजाभाईला आणा. तुम्ही हात लावू नका."

मी स्कूटरवर जाऊन खाजाभाईंना घेऊन आलो. अंगणातच मामांचा फोन, "दिसले, जावईबापू, आत्ताच दिसले!" मी आत शिरलो, चपला काढल्या, मागे वळून म्हणालो, "या, बघा." खाजाभाई दारातच थबकले होते.

"सर, एक सांगू? गुस्सा नका होऊ."

"सांगा ना."

"तुमचा अंगठा."

मी खाली बघितलं. उजवी चप्पल काढता काढता माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्यानं फरशीवरच्या बोर्डाचं बटण दाबलं होतं. क्रोशाच्या रुमालाखालचे राउटरचे दिवे विझले होते. दीड-दोन वर्षं रोज संध्याकाळी आल्या आल्या पायानंच इंटरनेट बंद करायची सवय. नियम मी मागे घेतला होता, पायाला कळवायचं राहिलं होतं.

"तुला हे दिसत नव्हतं?" मी सुरेखाला विचारलं.

"दिसत होतं की. मला वाटलं, हिचे टेस्टचे मार्क बघून तुम्ही नियम परत सुरू केलात. तुम्ही गेलात की हिच्या ऑनलाइन टेस्टसाठी मी चालू करायची. मला काय ठाऊक त्या डब्याला इंटरनेट लागतं, मला वाटलं करंटवर चालतो."

"आणि तू?" मी मृण्मयीकडे वळलो.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, पप्पा. पण तुम्हीच म्हणता ना, मी गणित सोडवत असताना मधे बोलायचं नाही."

खाजाभाईंनी पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "इतकं हसलो, तेवढ्यात भरपाई झाली." मी हातानं बटण दाबलं. पुण्यातून फोनवर मामांचा आवाज आला, "अरारा, किती सुकलेत," आणि मग बराच वेळ नुसतं नाक ओढल्याचा आवाज. आम्ही सगळे फरशीवर बसून तो ऐकत होतो. कुणालाच उठावंसं वाटेना.

दोन महिन्यांनी मामा काठी टेकत साहेबांना न्यायला आले. आले ते राहिलेच. म्हणाले, "परत टेम्पोतून हाल नकोत त्यांचे." आता पुढच्या खोलीत टाकीसमोर त्यांची खुर्ची असते, आई समोर बसून मटार सोलत असते, आणि दोघांच्या गप्पांत साहेब मधूनमधून तोंड घालतात. घर कसं भरल्यासारखं वाटतं.

परवा जळकोटचे एक पालक मुलाच्या क्लासची चौकशी करायला घरी आले. मी आत शर्ट घालत होतो. त्यांनी मामांना विचारलं, "सर शिकवायला कसे हायत?"

मामांनी आधी आतल्या दाराकडे बघितलं. मग खुर्ची पुढे सरकवून हळू आवाजात म्हणाले, "माणूस म्हणून सोनं हाय. माझ्यासाठी लई खपले. पण लेकराच्या आयुष्याचा प्रश्न हाय, फिजिक्सला तुम्ही दुसरं कुणी बघा."

मी शर्टाची बटणं निवांतपणे लावत आतच थांबलो. सल्ला योग्य होता.