मोडक्या पिस्टनची पूजा

आपल्या माणसांना नवं काही सुचत नाही, असं रडगाणं गाणाऱ्या मॅनेजराशी मी आजही भांडतो. सुचतं सगळ्यांना. पण सुचलेलं फसलं तर आपलं काय होईल, या धास्तीनं माणसं गप्प बसतात.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मी भोरला, प्रवासी गाड्या चालवणाऱ्या एका मोटार कंपनीच्या दुरुस्ती कारखान्याचा मॅनेजर होतो. पेट्रोल कुपनावर मिळे, म्हणून आमच्या पुण्याच्या मालकांनी एका गाडीच्या पाठीवर कोळशाची भट्टी बसवून घेतली होती. भट्टीतून निघणाऱ्या गॅसवर गाडी सपाटीला बरी चाले. कात्रजचा घाट आला की दमेकऱ्यासारखी धापा टाकी. मालकांनी सांगून टाकलं, "दिवाळीच्या आत भरलेली गाडी घाट चढली तर ठीक, नाहीतर भोरचा कारखाना बंद." कारखान्यावर दहाबारा घरांच्या चुली पेटत होत्या, आणि त्यातली एक माझी होती.

मी सगळ्यांना जमवून सांगितलं, ज्याला जे सुचेल ते करून बघा. "व्हय साहेब," म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या आणि कुणी बोट हलवलं नाही. माझ्या आधीचा मॅनेजर मोडतोड झाली की पगार कापायचा. ती दहशत माझ्या एका भाषणानं थोडीच जाणार? मग मी अमावास्या निवडली. त्या दिवशी आमच्याकडे शेतात औत धरत नाहीत आणि कारखानाही बंद असे. म्हटलं, अमावास्येला गाडी तुमची. मोडली तर मी आहे.

"पर साहेब, आवसेला नवं काम धरत न्हाईत," आमचे थोरले मिस्त्री म्हणाले. ते मार्गासनी गावचे. मी कपाळाला हात लावला. मग त्यांनीच तोड काढली, "पन ही तर निसती उसवाउसवी. ह्याला कोन नवं काम म्हनंल?"

अशी उसवाउसवी सुरू झाली. पितरी अमावास्येला मिस्त्रींनी गॅस गाळायची पेटीच काढून टाकली. त्या अरुंद पेटीत गॅस गुदमरतो, असा त्यांना संशय होता. गाडी जी सुसाट सुटली ती थेट कापूरहोळच्या नाक्यापर्यंत. तिथं न गाळलेली काजळी इंजिनात जाऊन पिस्टन अडकला. गाडी ओढून आणायला बैल हवेत, आणि अमावास्येला बैल जुंपणार कोण? दिवसभर ती नाक्यावर उभी राहिली. दुसऱ्या दिवशी दोन बैलजोड्यांनी ती भोरच्या भर बाजारातून ओढत आणली. "मोटारीला बैल लई झ्याक लावल्यात!" हे लोकांचं ऐकून घेत मी पुढं चालत होतो. मिस्त्रींचा मात्र पत्ता नव्हता.

मी भडकलो. पिस्टन गेल्याचं काही नव्हतं, पण ते पळाले हे मला खपेना. सायकल काढली आणि मार्गासनी गाठली. मिस्त्री भातखाचराच्या बांधावर बसले होते.

"साहेब, काय कापायचं त्ये कापा. पर मालकाम्होरं उभं करू नगा."

"एक पै कापणार नाही. पण मालकांपुढं यायचं. तुम्हीच लपलात तर उद्या कोण कशाला हात घालेल?"

ते उठून खाचरात उतरले. मी तसाच परत आलो.

खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेसाठी मालक आले. पाटावर पान्हे, हातोडे, कानशी मांडून झेंडू वाहिले होते. मधोमध मी तो चरे पडलेला पिस्टन ठेवला आणि पहिलं गंध त्याला लावलं.

"मोडक्याची पूजा?" मालकांचा आवाज चढला. "कुणी मोडला हा?"

मी स्वतःचं नाव पुढं करणार, एवढ्यात दारातून आवाज आला, "म्या मोडला." मिस्त्री धुवट धोतर नेसून उभे होते. ते पाटाजवळ आले आणि म्हणाले, "पेटी काढली तवा गाडीला दम व्हता, मालक. पेटी पायजेच, पर रुंद पायजे."

मग पत्र्याचं काम करणारा गडी मागं गेला आणि कोळशाच्या पोत्यांखालून एक रुंद पेटी घेऊन आला. "म्या केलती. सांध्यातनं गळाया लागली, म्हून दडवली." त्यानं ती पिस्टनशेजारी ठेवली. त्याच्यामागून फिटर आपली वाकडी झालेली नळी घेऊन आला. बघता बघता पाटावर जागा उरली नाही. मला हसावं की ओरडावं कळेना. इतके दिवस एकाजवळ प्रश्न होता, दुसऱ्याजवळ उत्तर होतं, आणि दोघंही तोंड दाबून बसले होते!

मालक कडक होते, पण मूर्ख नव्हते. त्यांनी त्या गळक्या पेटीला कुंकू लावलं आणि म्हणाले, "सांधा नीट मारा हिचा."

दिवाळीच्या तोंडावर भरलेली गाडी कात्रजच्या पायथ्याशी आली. सवयीनं लोक भराभरा उतरू लागले, कारण कित्येक महिने ते घाट पायीच चढत होते. मिस्त्री गाडीच्या दारात आडवे उभे राहिले. "कुनी उतरायचं न्हाई! रिकामी चढली तर काय चढली?"

"आन न्हाई चढली तर?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"तर म्या मोडली म्हना," मिस्त्री सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

गाडी बोगद्यापर्यंत चढली, एकही माणूस न उतरता. पण आमचा कारखाना आता बंद पडत नाही, हे मला पायथ्याशीच कळलं होतं.