'खराब' फोल्डरमधली नोंद

एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षी, मार्च महिन्यात, मी माझ्या चुलतीचा ईसीजी 'खराब' नावाच्या फोल्डरमध्ये टाकला. पाच महिन्यांनी तिला पक्षाघात झाला.

बायोमेडिकल इंजिनिअरिंगची पदवी झाली होती. एम.टेक.च्या प्रकल्पासाठी मी हृदयाचे ठोके नोंदवणारं एक लहान यंत्र बनवलं होतं. चाचणीसाठी वीस माणसांच्या स्वच्छ नोंदी हव्या होत्या. त्या मी गावी, देवळाली प्रवरात, आमच्या ओट्यावर घेतल्या. चुलती उसातली खुरपणी उरकून आली, हात धुऊन खुर्चीत बसली. मनगटांना वायरी लावायच्या होत्या, म्हणून हातात काही ठेवू नका, असं मी सगळ्यांना सांगत होतो.

"बांगड्या न्हाई काढायची मी," ती म्हणाली.

"अगं, डॉक्टर सांगतोय ना!" शेजारीण हसली.

"डॉक्टर कशाचा? मशिनवाला हाय त्यो," चुलते म्हणाले. सगळे हसले. मीही.

बांगड्या राहिल्या. लॅपटॉपवर तिची रेघ उमटली. ठोक्यांची टोकं स्पष्ट होती. दोन टोकांमधलं अंतर मात्र दर वेळी वेगळं होतं. हात हलला तर सगळी रेघ वरखाली होते, टोकांमधलं अंतर बदलत नाही. हे मी बी.ई.च्या तिसऱ्या वर्षी शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं. बांगड्या काचेच्या होत्या आणि काचेतून वीज जात नाही, हे तर शाळेतलं. तरी वहीत तिच्या क्रमांकापुढे मी लिहिलं: 'बांगड्यांमुळे गोंधळ.' नोंद पुन्हा घेतली नाही. आणखी तिघे बाकी होते आणि मला संध्याकाळची एसटी गाठायची होती.

"माझं कसं आलं रे?" तिने विचारलं.

"एकदम छान, काकी."

"ऐकलं का?" ती चुलत्यांकडे वळली. "आन मी उगंच म्हनत हुते, जिना चढला की लई धडधडतंय म्हनून."

हे मी ऐकलं. तेव्हा मी वायर गुंडाळत होतो.

तिच्या जागी विसावी नोंद वसतिगृहातल्या मित्राची घेतली. तोंडी परीक्षेत नोंदी स्वच्छ असल्याचं परीक्षकांनी आवर्जून सांगितलं.

ऑगस्टमध्ये, नगरच्या एका खासगी रुग्णालयात, डॉक्टरांनी चुलत्यांना विचारलं, याआधी कधी ईसीजी काढला होता का.

"ह्यानंच काढल्ता की, मार्चमधी," त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "छान आल्ता."

डॉक्टर माझ्याकडे बघू लागले.

"ते फक्त प्रोजेक्टसाठी होतं, सर."

"नोंद आहे?"

"जुन्या लॅपटॉपमध्ये असेल. घरी आहे."

तोच लॅपटॉप माझ्या पाठीवरच्या बॅगेत होता.

चार दिवसांनी मी ती नोंद छापून डॉक्टरांना एकट्याने नेऊन दिली. त्यांनी कागद उभा-आडवा पाहिला. ठोके मार्चमध्येच अनियमित होते, असं ते म्हणाले; अशा ठोक्यांमुळे हृदयात रक्ताची गुठळी होते आणि ती मेंदूत जाऊ शकते. तेव्हा कोणी पाहिलं असतं तर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या त्याच वेळी सुरू करता आल्या असत्या. आणखी काही न विचारता त्यांनी तो कागद केसपेपरला लावला.

चुलती आता डाव्या हाताने जेवते. सलाईन लावताना नर्सने उजव्या हातातल्या बांगड्या काढल्या होत्या. त्या हातात पुन्हा भरलेल्या नाहीत. केसपेपरची पिशवी चुलत्यांच्या कपाटात आहे. तो कागद कसला, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.