टी-शर्टाची बाही

मांजर माझी नव्हती, यांची होती. हे पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये कामाला होते. तिथून एका खोक्यात घालून एवढंसं पिल्लू आणलं. मी म्हटलं, "घरात तोंडं कमी होती का?" तर नुसते हसले. तिचं ऑपरेशन करायचं ठरलं होतं, पण सीझन संपला की करू, हे त्यांचं पालुपद. सीझन संपायच्या आत माणूसच संपला. सकाळी डबा घेऊन गेले आणि दुपारी फोन आला.

आमच्याकडे गेलेल्या माणसाचा कपडा घरात ठेवत नाहीत, जीव अडकतो म्हणे. सासूबाई या बाबतीत कडक. पोटचा मुलगा गेला, तरी तेराव्यानंतर कपाट स्वतःच्या हातांनी रिकामं करून सगळं देऊन टाकलं. धुण्याच्या बादलीत तेवढा एक टी-शर्ट राहिला होता. कोल्ड स्टोरेजमध्ये जाताना शर्टाच्या आत घालायचे तो, फुल बाह्यांचा. मी तो न धुताच गाद्यांखाली लपवला. खोबरेल आणि घाम, एवढाच काय तो वास. मला तेवढा पुरत होता.

पावसाळा सरल्यावर मीच मांजरीला रिक्षाने द्वारका चौकाकडच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. ऑपरेशन झालं. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं बांधून दिलं. ते घेऊन बाईसाहेब दारावर आपटायच्या, पाण्याला तोंड लावेनात. काढलं की थेट टाक्यांवर जीभ. डॉक्टर फोनवर म्हणाले, मऊ कपड्याची बाही अंगात चढवा, पण टाके उसवले तर जिवावर बेतेल. माझ्या कुर्त्याची बाही तिनं ओरबाडून काढली. लेगिंगचा पाय घातला, तोही काढला. टाक्यांशी रक्त दिसायला लागलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. "मर मेले, तूही जा त्यांच्या मागे," असं बोलून गेले आणि तिथंच फरशीवर बसून रडले.

सासूबाई जपमाळ ठेवून उठल्या. म्हणाल्या, "त्याच्या टी-शर्टाची बाही घाल. त्या वासाला गप बसेल ती."

मी विचारलं, "तुम्हाला कसं माहीत?"

"तू भाजीला गेलीस की मी काढते. परत तशीच घडी घालून ठेवते."

"आणि जीव अडकतो त्याचं काय?"

"अडकू दे," त्या म्हणाल्या. "माझा नाही का अडकलाय?"

कात्री मीच चालवली. बाहीला पायांपुरती भोकं पाडली. मांजरीनं हुंगलं, मुकाट्यानं घालून घेतली आणि सासूबाईंच्या मांडीवर जाऊन झोपली.

टाके निघाले, मांजर वाचली. त्या बाहीला आता मलमाचा आणि मांजरीचा वास येतो. उरलेला टी-शर्ट आम्ही लपवत नाही, सासूबाईंच्या उशाशीच असतो. काल भाजी घेऊन आले तर त्या तो मांडीवर घेऊन बसलेल्या. माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, "बघ गं, येतोय का अजून? मला कळेना झालंय."

मी नाक खुपसलं. गादीच्या कापसाशिवाय कसलाच वास नव्हता.

"येतोय की," मी म्हटलं.