उशिराची वही

शाळेच्या अमृतमहोत्सवी पुस्तिकेत मी मावशींना मारलं. मुद्दाम नाही. कर्मचाऱ्यांच्या दोन याद्या होत्या, एक सेवानिवृत्तांची, एक दिवंगतांची. मी शाळेचा कारकून, दोन्ही माझ्याच हातच्या. शाळेत झाडलोट करून निवृत्त झालेल्या मावशींचं नाव पहिलीतून दुसरीत कसं गेलं, ते मला आजही सांगता येणार नाही. चर्चमध्ये रविवारच्या प्रार्थनेत, मिस्सेत, फादरांनी दिवंगतांची नावं पुस्तिकेतूनच वाचली. सातवं नाव मावशींचं. मावशी तिसऱ्या बाकावर होत्या. 'प्रभो, त्यांना चिरशांती दे' हे त्यांनी सगळ्यांबरोबर म्हटलं. नंतर म्हणाल्या, प्रार्थना मध्येच अडवणं बरं दिसलं नसतं.

मिस्सा संपल्यावर मी पायऱ्यांवर त्यांना गाठलं.

"मावशी, चुकलं माझं."

"सव्वाआठ, जोड्या लावताना तू पहिलीपासून असाच होतास."

शाळा आठला भरायची आणि मी सव्वाआठला यायचो, म्हणून मी सव्वाआठ. मावशींना मुलांची नावं लक्षात राहत नसत, वेळा राहत.

तेवढ्यात फादर आले. आमच्या चर्चचे फादर हेच शाळेचे मुख्याध्यापक. येऊन दीड वर्ष झालेलं, माणूस सरळ, घड्याळ डाव्या मनगटावर आणि मनातही.

"मावशी, माफ करा. फार वाईट झालं."

"वाईट काय त्यात? माझ्यासाठी एवढी माणसं कधी उभी राहिली नव्हती. पण फादर, मरणाऱ्या माणसाची शेवटची इच्छा विचारतात. मला कुणी विचारलीच नाही."

"सांगा ना."

"गेट," मावशी म्हणाल्या.

फादरांना कळलं. ते आल्यापासून गेट आठच्या ठोक्याला बंद होत होतं. उशीर झाला की मूल घरी परत. चौथीतली एक मुलगी त्या महिन्यात नऊ वेळा परत गेली होती. तिची आई दवाखान्यात रात्रपाळीला आया. आई आठला दहा मिनिटं कमी असताना घरी येई, तोवर धाकट्या भावाला एकटं सोडता येत नसे. मग मुलगी पळत सुटे आणि बंद गेटला हात लावून परत जाई. हजेरी अशीच बुडत राहिली तर नाव कापणार, अशी चिठ्ठी घरी गेली होती. ती मुलगी मावशींच्या शेजारच्या खोलीत राहत होती.

"नियम सगळ्यांना सारखा हवा, मावशी."

"हवाच. उद्या वही घेऊन येते."

मावशी शाळेत आल्या तेव्हा त्यांचं वय चोवीस. नवरा चर्चचे बाक करणारा सुतार, तो तापाने गेला. शाळा ज्यांनी काढली ते पहिले फादर तेव्हा म्हातारे झाले होते. त्यांनी मावशींना तीन महिन्यांसाठी झाडलोटीला ठेवलं. ते तीन महिने एकेचाळीस वर्षं चालले. शाळेची सुरुवात म्हणजे त्या पहिल्या फादरांच्या घराचा व्हरांडा आणि खाणकामगारांची बारा मुलं. पाणी भरून, भावंडांना खाऊ घालून ती येत, त्यामुळे वेळेवर एकही नसे. पहिल्या फादरांनी एकच नियम केला: आलेल्या मुलाला परत पाठवायचं नाही. मी मात्र पुस्तिकेत 'शाळेचं ध्येय' या मथळ्याखाली 'सर्वांगीण विकास' तीनदा लिहिलं होतं. कुणी हरकत घेतली नव्हती.

सोमवारी मावशींनी ऑफिसच्या टेबलावर वही ठेवली. जाड पुठ्ठ्याची, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. रकाने तीन: नाव, मिनिटं, कारण. मूल जितकी मिनिटं उशिरा येई, तितकी शाळा सुटल्यावर मावशींजवळ बसून फेडे. पाट्या पुसायच्या, कुंड्यांना पाणी घालायचं, नाहीतर धडा वाचून दाखवायचा. मिनिटं फिटली की नावावर रेघ.

फादर वाचू लागले. "'नळ उशिरा आला.' 'बाळ झोपेना.' 'चप्पल एक, भाऊ दोन.'" ते थांबले. "सुरुवातीच्या पानांवर नुसत्या रेघा का आहेत?"

"तेव्हा मला लिहिता येत नव्हतं. बसणाऱ्या पोरांनीच शिकवलं. एकाची पंधरा मिनिटं 'क्ष' वरच गेली."

फादरांनी आणखी चार पानं उलटली. "पण मावशी, यात शिस्त कुठे आहे?"

"शिस्तच आहे ती. फुकट आत कुणाला घेतलं नाही. गेट बंद करून तुम्ही मिनिटं बुडवता, फादर. मी वसूल करायचे."

फादरांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. "ठीक आहे. साडेआठपर्यंत गेट उघडं. पण शाळा सुटल्यावर मूल आवारात थांबलं तर जबाबदार माणसाची सही लागेल."

"मी करते."

"पुस्तिकेच्या पाचशे प्रती वाटून झाल्यात, मावशी," फादर गंभीरपणे म्हणाले. "दिवंगत व्यक्तीची सही मला घेता येणार नाही."

हा माणूस विनोद करतो हे मला तेव्हा कळलं. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी वहीची शेवटची पानं काढली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. माझं नाव. पंचवीस मिनिटं. कारण: 'झोप'. रेघ नाही.

"दहावीच्या शेवटच्या दिवशी पळाला हा. जिवंत आहे, थकबाकीदार आहे. हाच बसेल."

मी सही केली. त्याच आठवड्यात पुस्तिकेत चिकटवायला एक चिठ्ठी छापली. तिच्यावर दोन ओळी: 'मावशी हयात आहेत' आणि 'शाळेचं ध्येय: आलेल्या मुलाला परत पाठवू नये'.

आता रोज दुपारी ती मुलगी आणि मी गेटजवळच्या बाकावर बसतो. ती पाढे म्हणते, मी चुका काढतो. कधी उलटंही होतं. मावशी समोरच्या दगडावर बसून घड्याळ बघतात आणि मिनिटं फिटली की तिच्या नावावर रेघ मारतात. शुक्रवारी मी विचारलं, "मावशी, माझी पण फिटली असतील ना आता?"

"तुझी कशी फिटतील? ही तिची मिनिटं होती."

"मग मी माझी फेडू कधी?"

"बघू," मावशी म्हणाल्या आणि वही मिटली.