नानांनी सोडलेलं भरीत

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी देवपूरच्या लॅबमध्ये रिपोर्ट तपासत होतो. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत... नाना म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, दोंडाईच्याजवळ कापूस पिकवणारे. घरातला पहिला पदवीधर मी झालो तो त्यांच्यामुळे. प्रवेशाच्या रांगेत दिवसभर तेच उभे होते.

मुतखड्यानं त्यांना फार छळलं. वांग्याच्या बियांनी खडा होतो असं कुणीतरी सांगितलं आणि त्यांनी भरीत सोडलं. शेतात भरिताची पार्टी असली की वांगी स्वतः भाजायचे, सगळ्यांना वाढायचे आणि आपण दह्याशी भाकरी खायचे. एवढा त्याग केल्यावर बाकी सगळं चालतं, अशी त्यांची समजूत. गोड चहा, जिलबी, आठवड्यातून दोन-तीनदा मटण. पाणी मात्र तहान लागेल तेव्हाच.

सात वर्षांनी पुन्हा कळ उठली. पडलेला खडा त्यांनी कागदाच्या पुडीत बांधून माझ्याकडे आणला. मी तपासायला पाठवला. युरिक ॲसिडचा निघाला. रक्तातली साखर वाढलेली, क्रिएटिनिनही थोडं वर. डॉक्टर म्हणाले, "वांग्याचा दोष नाही, नाना. साखर आणि पोट वाढलं की लघवीत आम्ल वाढतं, त्यात हे खडे धरतात. किडनीचं काम कमी व्हायला लागलंय. ते इथंच थांबवायचं."

नाना माझ्याकडे वळले. "सात वरीसनं भरीत वाया गयं, भाऊ. तू बीएस्सी व्हयना, तवय काब्रं सांगं नहीं?"

तेव्हाच का सांगितलं नाही? शंका मला होती. पण ज्यांनी मला शिकवलं त्यांना शिकवायचं धाडस नव्हतं. त्या दिवसापासून ते आलं. चहातली साखर मी बंद केली, लघवीचं आम्ल कमी करणारं औषध सुरू झालं, मटण सणापुरतं उरलं. नानांनी कपाशीच्या दोन्ही टोकांना माठ ठेवले. ओळ संपली की तांब्याभर पाणी, तहान असो-नसो. वेचणाऱ्या बायकांनाही तोच नियम. भरीत मात्र मनसोक्त खाल्लं, पुढची अकरा वर्षं.

जाण्याच्या महिनाभर आधी शेवटची तपासणी झाली. "किडनी?" त्यांनी विचारलं.

"आहे तिथंच आहे, नाना."

"मंग बठ्ठं बरं शे," म्हणाले आणि टोपी घालून बसस्टँडकडे निघाले.

गेल्या आठवड्यात शेतात गेलो होतो. वेचणी चालू होती. ओळ संपवून आलेली एक अक्का आधी स्वतः पाणी प्यायली, मग तिनं तांब्या भरून माझ्यापुढे धरला. मला तहान नव्हती. मी घेतला...